कोपऱ्यांना फोम

माझा नवरा सोफे आणि गाद्या शिवतो. हात सोन्याचा, पण काळजी करायला लागला की माणसाला धरबंध नाही. लेक रांगायला लागली तेव्हा त्याने घरातल्या एकूण एक कोपऱ्याला फोम लावला. टेबल, पलंग, कपाट, काही सोडलं नाही. पाच वर्षांत पोरीला एक टेंगूळ आलं नाही, हे तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

बालवाडीत मात्र तिचं नाव पडलं 'धडक'. दारातून जाताना खांदा चौकटीला, खुर्चीशेजारून जाताना गुडघा खुर्चीला. रांगेत उभी राहिली की पुढचं पोर आडवं.

हालचालींचा तास घेणाऱ्या ताईंनी आम्हाला बोलावलं. "पायांत काही दोष नाही हो. आपलं अंग कुठे संपतं आणि खुर्ची कुठे सुरू होते, ते तिला कळत नाही. थोडं लागल्याशिवाय कळणार कसं?"

ताईंनी पोरीला विहिरीत ढकलायला सांगितल्यासारखा नवरा माझ्याकडे बघायला लागला.

महिन्याभराने बालवाडीत चाचणी होती. खुर्च्यांमधल्या वाटेतून पाण्याचा पेला न सांडता न्यायचा. जमलं तर मोठा गट, नाहीतर आणखी वर्षभर छोट्यांत. तिची जिवाभावाची मैत्रीण मोठ्या गटात चालली होती. लेक रोज विचारायची, "मी पण जाणार ना?"

मी कात्री घेतली आणि घरातला सगळा फोम काढून टाकला. नवरा रुसून दुकानात जाऊन बसला. सुरुवातीला पोरीचे गुडघे बघवत नव्हते. ताईंनी सांगितलेल्या अंतराने स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून आम्ही सराव केला, आणि हळूहळू पाणी पेल्यातच राहू लागलं.

चाचणीच्या दिवशी नवरा आमच्या आधीच बालवाडीत हजर. मला वाटलं, आला बापडा हौसेने. हॉलमध्ये शिरले आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक खुर्चीच्या बैठकीला चारी बाजूंनी दोऱ्यांनी बांधलेला जाडजूड फोम!

"अरे, काय करून ठेवलंस हे?"

"तिला लागू नये म्हणून."

"मधे जागा किती उरली ती बघ! मांजर तरी जाईल का?"

त्याने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. मापात कधी न चुकणारा माणूस! तो दोरे तोडायला धावला, पण तोवर लेक पेला घेऊन निघाली होती.

पहिल्या फटीशी ती थांबली. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पेला डोक्यावर धरला, पोट आत घेतलं आणि तिरकी होऊन सरकत पार झाली. पुढची फट त्याहून अरुंद. ती खाली बसली, पेला पुढे सरकवला आणि खुर्चीखालून रांगत बाहेर आली. थेंब सांडला नाही.

"हे मी शिकवलंच नव्हतं," ताई हसत म्हणाल्या. "मोठा गट!"

"शाब्बास!" म्हणत नवरा खुर्च्यांमधून सरळ तिच्याकडे धावला आणि दोन खुर्च्या कमरेला घेऊन धाडकन पडला. सगळी पोरं टाळ्या पिटायला लागली.

लेक मागे फिरली आणि त्याच्याजवळ बसली. तो खरंच रडत होता. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

"लागलं का रे बाबा?" तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "उद्या मोठ्या गटात मी एकटी जाईन हं. तू दाराबाहेर थांब."