तरसाच्या पोटातली कालवड

नवरी फाटकाशी येऊन उभी राहिली ती हलेचना. मण्यांच्या हारांनी मान अवघडलेली, नजर जमिनीवर. माहेराहून निघाल्यापासून तिने मागे वळून पाहिलं नव्हतं आणि आता पुढे पाऊल टाकायलाही ती तयार नव्हती. तिचं बरोबरच होतं. पदरात काही पडण्याआधीच जी नवरी आत शिरते, तिला पुढे जन्मभर कोण विचारतंय!

वस्तीतल्या बायका रिवाजाप्रमाणे तिच्यावर तोंडसुख घेत होत्या.

"नवरी आणायला सांगितली होती, करकोचा कुणी आणला?"

"अगं, पाय मोजून घ्या, एखादा वाटेत पडला असेल!"

सासऱ्याने शेळी कबूल केली. दिराने मेंढी दिली. सियानोई, म्हणजे नवरी, तशीच उभी. मग सगळ्यांच्या माना एकदम सासूकडे वळल्या.

नूलारामी मनाने वाईट नव्हती, पण चिकट होती. शेजारणीला तंबाखू देतानासुद्धा तिची चिमूट जरा घट्टच मिटायची. त्यातून गुरांचा विषय निघाला की संपलंच. लग्नात तिच्या आईने तिला एक गाय दिली होती. त्या गाईच्या वंशातली एकच कालवड आता उरली होती, कपाळावर पांढरा चांद असलेली. नूलारामीला मुलगेच मुलगे झाले, मुलगी एकही नाही. तिचे सगळे लाड त्या कालवडीचे. आज फाटकाशी ही नवरी नेमकी तिच्यासाठीच अडून राहणार, हे तिला महिनाभर आधीपासून दिसत होतं.

पण कालवड होती कुठे? भल्या पहाटे ती गुरांच्या मागे कुंपणाच्या भगदाडातून निसटली होती. नूलारामी शोधत घळीच्या तोंडापर्यंत धावली, तो आतून तरसांचं खिदळणं ऐकू आलं. तरस हसलं की समजावं त्याचं पोट भरलं, हे या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. ती तिथेच मटकन बसली आणि अंगावरच्या लाल कापडात तोंड खुपसून रडली. लग्नाच्या दिवशी रडणं अशुभ, म्हणून घरी येऊन कुणाला बोलली मात्र नाही.

आणि आता फाटकाशी, सगळे आपल्याकडे बघत असताना, तिच्या डोक्यात ती कल्पना आली.

"ये पोरी, आत ये," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझी चांदाची कालवड तुला दिली!"

म्हाताऱ्या सासऱ्याच्या हातून तपकिरीची डबी पडली. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथे तर आयजीही तरसाच्या पोटात होती! नवरीने मान वर केली, सासूकडे पाहून हसली आणि आत आली.

या लोकांत एक छान चाल आहे. एकाने दुसऱ्याला मेंढी दिली की त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'पाकेर' अशी हाक मारतात, वासरू दिलं तर 'पाशे'. नाव मागे पडतं, नातं जनावराच्या नावाने चालतं. पण त्यासाठी जनावर खरोखर हाती यावं लागतं. नुसत्या कबुलीने फक्त बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

दूध पिऊन झालं, गाणी झाली. ऊन कलायला लागलं तशी सियानोई सासूच्या झोपडीत येऊन तिच्याजवळ बसली.

"येयो," आईला मारावी तशी हाक मारत ती म्हणाली, "माझी कालवड बघू या का?"

नूलारामीने हंबरडा तयारच ठेवला होता. "काय सांगू पोरी तुला! आत्ताच, दुपारी, तरसांनी नेली गं! घळीत कशी खिदळत होती मेली!"

सियानोईने पळभर सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुपारी? या उन्हात?"

"हो ना! काळ का ऊन बघून येतो?"

"बरं," सियानोई म्हणाली आणि उठली. "चला, बघून येऊ."

"अगं, नवी नवरी बाहेर पडत नाही! कामाला हात लावायचा नसतो!"

"काम कुठे करतेय? माझं जनावर बघायला चाललेय."

आता हिला एकटीला कसं सोडायचं? नूलारामी काठी घेऊन धुसफुसत मागे निघाली. नवरीच्या अंगावरचे दागिने छुमछुमत होते. आपलं पितळ आता उघडं पडणार, हे सासूला कळून चुकलं होतं.

सियानोईच्या माहेरची वस्ती घळीपलीकडे, याच तरसांच्या बिळांना लागून. लहानपणापासून सरपणाला जाताना तिने ती बघितलेली. घळीच्या अलीकडे एका वारुळामागे तिने सासूला खाली बसवलं. समोरच्या उतारावर, बिळांच्या तोंडाशी, ठिपक्यांची तरसं पसरली होती.

"ती कान फाटलेली दिसते? ती इथली थोरली. तिच्या आईनंतर कारभार तिच्याकडे आला. तिच्यानंतर तिच्या लेकीकडे जाणार."

"आणि तो धटिंगण?" नूलारामीने न राहवून विचारलं. एक दांडगं तरस मान खाली घालून, शेपूट पोटाशी घेऊन पुढे सरकत होतं. समोर बोटभर पिल्लू. पिल्लाने नुसतं नाक वर केलं, तर ते दांडगं चार पावलं मागे.

"तो नर आहे. दुसऱ्या टोळीतून आलाय. पिल्लू थोरलीचं आहे ना, त्याला डिवचलं तर याच्या अंगावर सगळ्या बायका धावून जातील."

"म्हणजे घरजावई!" नूलारामी तोंडावर हात दाबून हसली. "म्हाताऱ्याला आणून दाखवला पाहिजे."

"पोटं बघा त्यांची, येयो. चिकटलीत. आज गाय खाल्ली असती तर चिखलात पालथी पडली असती."

नूलारामीचं हसू थांबलं. "पण हसत होती की गं. मी ऐकलं."

"जे हसतं ते जेवत नसतं. हसतं ते मार खाणारं. मी सकाळी याच वाटेने आले. तेव्हा दोन टोळ्या एका शिकारीवरून एकमेकींवर ओरडत होत्या. ही या बाजूची, ती टेकाडापलीकडची. टेकाडावर पांढऱ्या विष्ठेचे ढीग दिसतात ना, ती त्यांची शीव. पलीकडचे आवाज जास्त होते. यांनी ते ऐकले, मोजले आणि मागे फिरल्या. पलीकडच्याही शीव ओलांडून आल्या नाहीत."

"मग कालवड?"

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. शिवेवरच्या झुडपात दबून बसली असेल. पण त्या शिकार विसरत नाहीत, येयो. संध्याकाळी परत जातात."

म्हणजे 'दुपारी नेली' हे खोटं पोरीला केव्हाच कळलं होतं. नूलारामीचे कान तापले. पण लाजायला सवड नव्हती. उतारावर फाटक्या कानाची उठली, अंग ताणलं. बाकीच्या एकेक करून तिच्याजवळ आल्या, एकमेकींना हुंगून झालं आणि शेपट्या वर करून सगळ्या टेकाडाकडे निघाल्या.

"पळा!"

दोघी पळाल्या. नव्या नवरीला असं पळताना त्या मुलखात कुणी पाहिलं नसेल, आणि सासूला तर नाहीच. टेकाडावर झुडपंच झुडपं. कालवड कुठल्या झुडपात, कोण सांगणार?

"तुम्ही हाक मारा, येयो. माझा आवाज तिला ओळखीचा नाही."

इथे नूलारामीच्या मनात क्षणभर आलं: हाक मारली नाही तर? कालवड गेली, खोटं खरं झालं, कुणाचं काही अडणार नाही. पण तेवढं मनात येईपर्यंत तिच्या गळ्यातून दूध काढतानाचं गाणं निघालंसुद्धा. ते तिच्या आईचं गाणं. दुसऱ्या ओळीला एका काटेरी जाळीतून बारीक हंबरणं आलं आणि ओरखड्यांनी भरलेली कालवड धडपडत बाहेर येऊन तिच्या कुशीत घुसली.

तोवर तरसं पोचली होती. हाकेच्या अंतरावर थबकून ती बघत होती.

"ओरडा!" सियानोई म्हणाली. "पण एका आवाजात नको. त्या आवाज मोजतात. जास्त माणसं व्हा!"

नूलारामी आधी स्वतःसारखी ओरडली. मग शेजारच्या नूंगिपासारखी, नाकातून. मग म्हाताऱ्यासारखी, खोकत खोकत. मग आपल्या नणंदेची अशी हुबेहूब नक्कल केली की सियानोईने त्या बाईला पाहिलेलं नसतानाही तिला हसू आवरेना. ती मध्येच आपल्या पाच मावश्यांच्या आवाजात ओरडून घेत होती. फाटक्या कानाच्या थोरलीने मान तिरकी केली, या बाजूला ऐकलं, त्या बाजूला ऐकलं. एवढा मोठा जमाव अंगावर घेणं तिला परवडणारं नव्हतं. ती वळली आणि तिच्यामागे सगळी टोळी, शेवटी घरजावई.

दोघी धापा टाकत, हसत खाली बसल्या. कालवड मध्ये. हसू ओसरल्यावर नूलारामी जमिनीकडे बघत म्हणाली, "पोरी, फाटकाशी मी जी दिली ना... ती मेलीय असं समजून दिली होती."

"माहीत आहे."

"मग झोपडीतच बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही दिलीत तेव्हा ती जिवंत होती," सियानोई म्हणाली. "मग ते खोटं कसं?"

नूलारामीने कालवडीची मान धरून ती नवरीकडे वळवली. परत निघताना ती पुढे, मागे पोर आणि कालवड. आपलं गाणं ती जरा सावकाश म्हणत होती, मागच्या दोघींना नीट ऐकू यावं म्हणून.

फाटकाशी बायका जमल्या होत्या. नवरी पळाली, अशी बातमी केव्हाच पसरली होती. नूंगिपा नाकातून ओरडली, "काय गं, करकोचा उडाला वाटतं?"

"उडेल कशाला?" नूलारामी गरजली. मग मागे वळून, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी तिने हाक मारली, "पाशे! ये गं, घरी चल."

"आले, पाशे," सियानोई म्हणाली, आणि या वेळी फाटकाशी क्षणभरही न थांबता आत शिरली.