आधी हत्ती, मग नमस्कार

माझा आवाज चांगला आहे, हे कुणी सांगेल याची मी कधी वाट पाहिली नाही. लग्नं, शाळेची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं, निरोप समारंभ, जिथे माईक तिथे मी. गावात मला माईकराव म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होतो.

त्यामुळे हत्तींची सूचना द्यायला वन खात्याला आवाज हवा होता तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, याचं मला नवल वाटलं नाही. आमचं गाव आणि जंगल यांच्या मधोमध तळं आहे. हत्ती पाण्यावर येतात. पूर्वी ते दिसले की माणसं फटाके घेऊन धावायची, मग हत्तीही धावायचे, आणि कुणाचं घर मोडायचं तर कुणाचा पाय. आता असं ठरलं होतं की हत्ती कुठे आहेत ते सगळ्यांना फोनवर कळवायचं आणि आपण तिकडे फिरकायचंच नाही. त्यांचं पाणी पिऊन झालं की ते जातील. वनरक्षक मला खबर देणार, मी दोन वाक्यं रेकॉर्ड करून बटण दाबणार, की गावातल्या प्रत्येक फोनवर माझा आवाज. दोनच वाक्यं, असं वन खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. माझ्या डोक्यात मात्र 'प्रत्येक फोनवर' एवढंच राहिलं.

पाहुण्यांच्या गाद्या रचून ठेवायच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून तिथे मी स्टुडिओ थाटला. पहिली सूचना अशी होती: 'नमस्कार. सुज्ञ ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आजच्या या रम्य सायंकाळी आपले ज्येष्ठ शेजारी श्रीयुत गजराज सहकुटुंब सहपरिवार आपल्या परिसरात पधारले आहेत. डुलत डुलत आली स्वारी, थांबा आपण आपल्या दारी.' त्यानंतर थोडा श्वास घेऊन मी जागा सांगितली.

बायको म्हणाली, "नमनालाच घडाभर तेल. तुमची कविता संपेपर्यंत हत्ती आंघोळ करून घरी जाईल."

मी तिला निवेदनाची कला समजावून सांगायला गेलो, तर ती भाजी निवडायला निघून गेली. पुढे कळलं की गावात बहुतेक जण 'नमस्कार' ऐकताच फोन ठेवतात आणि हत्ती नक्की कुठे आहेत ते एकमेकांना विचारत बसतात. मी मनाशी म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय.

अपवाद फक्त ताईचा. माझी ही मोठी बहीण आमच्याकडेच राहते, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या वाटेनं घरी येते. लहानपणी मला उपड्या बादलीवर उभं करून भाषण करायला लावणारी ती, आणि टाळ्या वाजवणारीही तीच. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं काम तिनंच पहिल्यांदा केलं. माझी प्रत्येक सूचना ती ऐकायची आणि घरी येऊन कुठला शब्द आवडला ते सांगायची.

त्या दिवशी वनरक्षकाचा फोन आला. एक एकटा नर तळ्याच्या वाटेनं पंपाच्या खोलीकडे निघाला होता. मी धावत स्टुडिओत गेलो. पहिल्या वेळी 'ज्येष्ठ' तोंडातच राहिला. पुन्हा केलं, तर स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी घुसली. तिसऱ्यांदा मात्र असं काही जमलं की मी ते स्वतःच एकदा ऐकलं. मग बटण दाबलं.

ताई घरी आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती आणि खांद्याला पिशवी नव्हती. ती पायरीवर बसली आणि तिनं पाणी मागितलं. पंपाच्या खोलीजवळ असतानाच तिचा फोन वाजला होता. चालताना नीट ऐकू येत नाही म्हणून ती थांबली. माझी कविता चालू असताना खोलीच्या भिंतीमागून सोंड आली. ताई पिशवी टाकून खोलीत शिरली आणि दाराआड उभी राहिली. हत्तीनं पिशवी झटकली, डब्यातलं उरलंसुरलं खाल्लं आणि तो सावकाश निघून गेला. हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं.

"अगं, फोन ठेवून सरळ पळायचं ना," मी म्हणालो.

"तुझं बोलणं मी कधी मध्येच तोडलंय का?" ती म्हणाली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "कविता छान होती रे. हत्ती कुठे आहे तेवढं आधी सांगत जा."

मला रडू आलं. अख्ख्या गावात मला शेवटपर्यंत ऐकणारं एकच माणूस, आणि त्यालाच मी हत्तीच्या तोंडी दिलं होतं. बायकोनं एरवी मला सोडलं नसतं, पण त्या दिवशी ती ताईच्या पायाला कुठे लागलंय का ते बघत बसली. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वेळी वनरक्षकाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अख्खा कळपच तळ्यावर उतरला होता. मी तोंडाला फेस तसाच ठेवून न्हाणीघरातूनच बोललो, "हत्ती. तळ्याची वाट. कुणी जाऊ नका." आवाज असा चिरकला की मलाच ओळखू येईना. बटण दाबलं आणि दारात येऊन बसलो. तळ्याकडून फांद्या मोडल्याचा आवाज येत होता आणि कारखाना सुटायची वेळ झाली होती.

फोन वाजला. ताई होती.

"घसा बसलाय का रे तुझा?"

"हो," मी म्हणालो. "तू कुठे आहेस?"

"कारखान्यातच. सगळ्याजणी बसून आहोत, हत्ती गेल्यावर निघू. गुळण्या कर जरा." आणि मग तिनं विचारलं, "आज कविता नव्हती?"

"आहे की," मी म्हणालो. "तू घरी ये, मग ऐकवतो."

हत्ती पाणी पिऊन गेले आणि ताई घरी आली. पायातली चप्पलही न काढता ती गाद्यांवर बसली. मी तिला नमस्कारापासून सगळं म्हणून दाखवलं. बायकोही दारात येऊन उभी होती, पण 'सुज्ञ ग्रामस्थ' आलं तशी ती कुकर लावायला गेली.