रेडिएटरला रंगाचा हात

नरहरीने हवेची नळी रेडिएटरच्या मागल्या अंगाला धरली आणि खटका दाबला. जाळीतून आधी माती उडाली, मग मेलेली चिलटं, आणि मग भस्सकन पिवळा लोट समोरच्या भिंतीवर आपटून त्याच्या तोंडावर आला. डोळे चोळता चोळता बोटाला लागलेली पूड त्याने सवयीने कपाळाला लावली. या भागात भंडारा अंगावर पडला की कुणी झटकत नाही. लावून झाल्यावर मात्र त्याचा हात कपाळावरच राहिला.

आता रेडिएटरच्या जाळीत भंडारा कशाला येईल?

रेडिएटर त्याच्याच पोराच्या, इंद्रजितच्या जुन्या जीपचा होता. तिच्यातून तो भूगावच्या बांधकामांवर माल पोचवायचा. काल त्याने तो स्वतःच सोडवून बापाच्या पौडच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात आणून टेकवला होता.

"आबा, नुसता काळा रंग मारा. पासिंगला न्यायचीय गाडी."

"पासिंगला रेडिएटर कोन बघतंय?"

"बघत्यात आता. लई कडक झालंय."

"अन् ह्यो म्होरनं दबलाय कशानं?"

"ताम्हिणीत रानडुक्कर आडवं आलं. तुमी रंग तेवढा मारा ना आबा, उगं चौकशा कशाला!"

या पोराने आजवर कधी बापाला गाडीला हात लावू दिला नव्हता. तुमची विद्या म्हाताऱ्या गाड्यांची, म्हणून वर चिडवायचा. त्यामुळे कालपासून नरहरी खुशीत होता. पोरगं अखेर दुकानाकडे वळलं, असं त्याला वाटलं होतं. खुळा बाप, दुसरं काय!

त्याने पुन्हा खटका दाबला. आणखी भंडारा उडाला, आणि पातळ पत्र्यांच्या फटीत अडकलेले काळ्या लोकरीचे धागे थरथरायला लागले. त्याने ते चिमट्याने ओढून काढले, बोटांत चोळून पाहिले. घोंगडीचेच होते.

कमरेला भंडाऱ्याची पिशवी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन हिंडणारा माणूस पौडात एकच होता, बहिरू. नरहरीचा शेजारी. वाटेत भेटेल त्याच्या कपाळाला पिवळं बोट टेकवायचा, मग तो शाळकरी असो की तहसील कचेरीतला साहेब. इंद्रजितला तर तो इंदूच म्हणायचा; लहानपणी त्याला खांद्यावर बसवून जेजुरीचा गड चढवला होता. गेल्या शनिवारी उरवडे फाट्याजवळ कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं आणि गाडीवाला पळून गेला. रात्रभर तो रस्त्याकडेच्या चारीत पडून होता. सकाळी दूधवाल्याला दिसला. तेव्हापासून पुण्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. सगळी आळी जाऊन बघून आली, एकटा इंद्रजित गेला नव्हता. दवाखान्याच्या वासाने मळमळतं म्हणाला होता.

नरहरीने हातातले धागे खिशात कोंबले. तो दुकानाच्या दारापर्यंत गेला, रस्त्यावर बघून परत आला, आणि त्याने रंगाचा डबा फोडला.

रेडिएटरला रंग पातळच मारायचा असतो. जाड बसला तर फटी बुजतात, वारा खेळत नाही, इंजिन तापतं. हे त्याने जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलं होतं. आज त्याने रंगात थेंबभरही थिनर घातलं नाही. तसाच फवारायच्या गनमध्ये ओतला आणि मारत सुटला. पिवळं दिसलं की त्यावर काळा, पुन्हा कुठे पिवळं दिसलं की त्यावर काळा. फटी बुजत होत्या. रेडिएटर वाया चालला होता, आणि ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण पोर एकुलतं होतं. पोलिसांनी त्याला घरातून ओढत नेलेलं नरहरीला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि हात थांबत नव्हता.

"भावजी, हायेत का?"

दारात तुळजाबाई उभी होती, बहिरूची बायको. हातात डब्याची पिशवी. पुण्याच्या एसटीतून उतरून सरळ इकडेच आली होती.

नरहरी रेडिएटरच्या पुढे सरकला. "या वैनी. कसं हाय बहिरूदादाचं?"

"शुद्ध आली सकाळी!" ती स्टुलावर बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. "खंडोबा पावला बगा. म्हनलं, पयलं तुमास्नी सांगावं. तुमी लई धावपळ केली आमच्यासाठी."

"बोलले का काय?"

"बोलले की. पर कशाला काय मेळ न्हाई. डोळं उघडल्या उघडल्या इंदूचंच इचारायला लागले. 'इंदू बरा हाय का? पोराला कुटं लागलं न्हाई न्हवं?' म्या म्हनलं, अवो, गाडीनं तुमास्नी उडवलंय, इंदूला काय हुतंय! डाक्टर म्हनले, डोक्याला मार बसला की बरळत्यात असं."

नरहरी गनचं तोंड उगाच चिंधीने पुसत राहिला.

"येकडाव इंदूला धाडा की तितं. तेला बघितला म्हंजी जीव थंड व्हईल त्यांचा."

"तुमीच सांगा त्याला," नरहरी कसाबसा म्हणाला. "रेडिएटर न्यायला येतोयच आता. बसा."

ती बसली. नरहरीही बसला. त्याने मनोमन हात जोडले. पोरगं येईल, वैनींना बघेल, आपल्या तोंडाने सांगेल. पुढे काय व्हायचं ते होवो, कोर्ट होवो, तुरुंग होवो, पण देवा, एवढी बुद्धी त्याला दे.

पिरंगुटच्या बाजूने मोटारसायकल आली. दुकानासमोर हळू झाली. इंद्रजितने एक पाय जमिनीला टेकवला आणि आत पाहिलं.

तुळजाबाई हसून उठली. "आरं इंदू! ये, ये. शुद्धीवर आले बग तुझे काका!"

इंद्रजितने पाय उचलला. गाडी एकदम सुसाट सुटली आणि मुळशीच्या दिशेने वळणाआड गेली.

तुळजाबाई उंबऱ्यात जाऊन वळणाकडे बघत राहिली.

"इंदूच व्हता न्हवं?"

"व्हय."

"हाक ऐकली की त्यानं. तरी थांबला न्हाई."

नरहरीने हातातली गन खाली ठेवली आणि तो रेडिएटरच्या पुढून बाजूला झाला.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "शनवारीबी थांबला न्हाई त्यो."