धुऱ्याचं विरजण

धुरा मंजे दोन वावरांच्या मधातला बांध. मथुराबाई लग्न होऊन आली तवा तिच्या वावराचा धुरा एवढा रुंद होता, का त्याच्यावर दोन बैलबंड्या समोरासमोर येत अन् हाकणारे उतरून एकमेकाले तंबाखू देत. मंग दरसाल वखर त्याले चाटत गेला. इकडून तिचा नवरा नागोराव एक तास, मंजे पिकाची एक ओळ, खाये, तिकडून थोरली जाऊ इंदूबाईच्या घरचे एक तास खात. होता होता धुरा इतका बारीक झाला, का त्याच्यावर मुंगी आडवी झोपली तं डोकं एकीच्या वावरात अन् पाय दुसरीच्या. ते मुंगी कोणाच्या सातबाऱ्यावर चढवाची, याच्यावरून दोघी जावांचा अबोला झाला.

यंदा मथुराबाईनं नवऱ्याकडून एक एकर मांगून घेतलं. त्यात युरिया नाई, फवारा नाई. माती जिवंत करून दाखवतो, म्हणे.

नागोराव म्हणाला, "पोळ्याच्या सणालोक वाट पाह्यतो. तवाही ढेकूळ दगडावानीच राह्यलं, तं मंग मी अन् माहा फवारा."

नेरच्या शेतीशाळेत शिकल्यापरमानं तिनं ड्रमात जीवामृत लावलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन अन् वरून मूठभर माती. रोज काडीनं ढवळे, ड्रमाले कान लावे. ड्रम हूं का चूं करत नव्हता. फेस नाई, बुडबुडा नाई, वास येये तोही रुसल्यासारखा.

शेतीशाळेतल्या विमलताईनं फोनवरच इचारलं, "माती कुठची टाकली व?"

"वावरातलीच."

"अवं, ते विरजण होय. फवारे खाऊन मेलेल्या मातीनं कसं लागन? धुऱ्यावरची टाक, जिथं नांगर नाई गेला."

मथुराबाईनं फोन ठेवला अन् धुऱ्याकडं पाह्यलं. पाह्याले होतंच काय तिथं.

दुपारी ते पळसाखाली टेकली. हवा गुळाच्या पाकासारखी दाटली होती. डोये मिटले का नाई, तं धुरा उठून बसला. उंच, वाळका, ताप काढून उठलेल्या पाहुण्यावानी. "माय, भूक लागली व," म्हणे. तिनं पदराचा काठ पुढं केला, तं त्यानं त्याचाच वास घेतला अन् पोट भरल्यासारखा ढेकर देल्ला. मंग त्यानं जमीन चादरीवानी उचलून दाखवली. खाली उजेड होता. पळसाच्या मुयांत सारी गांडुळं दाटीवाटीनं बसली होती अन् जात्यावर बसलेल्या बायांवानी गुणगुणत माती दळून राह्यली होती. "माह्या आंगावरून उठवलेले भाडेकरू हायेत हे," धुरा म्हणाला. "मुया आड आल्या म्हणून वखर इथं पोचला नाई."

मथुराबाई जागी झाली. पळस इंदूबाईच्या हद्दीत होता.

जावेच्या दारात ते गेली तवा दिवे लागले होते. इंदूबाई अंबाडीची भाजी खुडून राह्यली होती. तिनं वर न पाह्यताच म्हटलं, "काय व, रस्ता चुकली का?"

"विरजण पाह्यजे, बाई."

"दिवे लागल्यावर विरजण देत नसतात. मायनं शिकवलं नाई वाट्टे."

"दह्याचं नाई. तुमच्या पळसाखालच्या मातीचं. वाटीभर."

इंदूबाईचा हात थांबला. "आजलोक तं न मांगताच नेत होते तुह्या घरचे."

"तुमच्या घरचा वखरही काई उपाशी नव्हता."

इंदूबाईनं हसू पदरात लपवलं, पण खांदे हालले. "देतो. पण तुह्या त्या एकरातले दोन तास सोड. मीही दोन सोडतो. धुऱ्याले त्याची जागा देऊ."

सारा खेळच त्या एकरावर, अन् नवरा तास मोजणारा. "त्यायले इचारून येतो," ते म्हणाली.

"इचार. पोळा झाला का ये मंग."

मथुराबाई उंबऱ्यालोक गेली अन् परत फिरली. "सोडले," म्हणाली.

सकायी तिनं माती ड्रमात टाकली. तिसऱ्या पाहारी ड्रम गुणगुणू लागला. संध्याकायी झाकण असं नाचाले लागलं, का वरून दगड ठेवा लागला अन् दगडही ताल धरून बसला. गोठ्यातल्या गाईनं रवंथ सोडून कान टवकारले. ते पाणी मथुराबाई तासा-तासात ओतत गेली, अन् सोडलेल्या पट्ट्यावर तरोटा, गवत, फुलपाखरं, जे येईन त्याले येऊ देल्लं.

नागोरावानं पाह्यलंच. "माहे दोन तास कुठं गेले?"

"गेले नाईत. बसले हायेत तिथं."

"वावर देल्लं तं वाटून आली," तो म्हणाला, अन् मंग पोळ्यालोक जेवताना मीठ मांगे, तेवढंच बोले.

पोळ्याच्या सकायी बैल धुऊन तो ढेकूळ फोडून पाह्याले लोखंडी सब्बल घेऊनच वावरात आला. मथुराबाई कपाशीच्या तासात उभी, तोंडाले पदर लावून. त्यानं सब्बल उगारली. मारायच्या आधीच पाय घोट्यालोक आत गेला. माती गरम भाकरीवानी मऊ होती. त्यानं पाय ओढला, पाय आला, चप्पल नाई आली. हात घालून पाह्यलं, तं गांडुळायनं चप्पल इतकी खाली नेलती, का त्याले सापडेना.

सब्बल त्यानं बाजूले ठेवली. दुसरी चप्पलही काढली. उघड्या पायानं तो तिथंच उभा राह्यला, बोटं मातीत हलवत, डोये अर्धे मिटून. गावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला, तरी हालेना.

"अवो, बैल सजवाचे हायेत," मथुराबाई म्हणाली.

"हो," तो म्हणाला. अन् जरा वेळानं, दुसरीकडंच पाहत, "विहिरीकडचं वावरही घे मंग."