शुद्ध पाणी निळं झालं

पंचेचाळिसाव्या वर्षी जलपर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायला निघालेल्या बाईने निदान गुपचूप तरी अभ्यास करावा. पण आमच्या काकूचा तो स्वभावच नव्हता. 'काकू' हे वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा तिला प्राध्यापक समजून अर्धा वर्ग उभा राहिला होता, आणि लाजेची गोष्ट अशी की तिने त्यांना "बसा" म्हटलं होतं.

तिचा प्रबंध घराजवळच्या तलावावर होता. पाण्यात फॉस्फेट किती, एवढंच मोजायचं. फॉस्फेट वाढलं की शेवाळ माजतं, आणि शेवाळ माजलं की मासे गुदमरतात. मोजायची रीतही सोपी. पाण्यात रसायन घालायचं, जितकं फॉस्फेट जास्त तितकं पाणी निळं. काकूचे नमुने असे निळेशार झाले की ती आनंदाने नाचायचीच बाकी राहिली. तलाव मरतोय आणि शोध आपण लावला! तलावाबद्दल वाईटही वाटायला हवं, हे तिला दुसऱ्या दिवशी आठवलं.

मार्गदर्शक मॅडमना आकडे दाखवेपर्यंत तरी धीर धरावा? तो न धरता ती निळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन रहिवाशांच्या सभेत उभी राहिली.

"फॉस्फेट कपडे-भांड्यांच्या पावडरीत असतं. तलावात साबण जातोय," ती म्हणाली, "आणि काठावर कपडे कोण धुतं, ते मी सांगायला नको."

सगळ्यांच्या माना लाँड्रीवाल्याकडे वळल्या. "ताई, माझं पाणी गटारात जातं हो, तलावात नाही," तो म्हणत राहिला. पण निळ्या बाटल्यांपुढे त्याचं कोण ऐकतंय! महिनाअखेर त्याने दुकान हलवावं असं ठरलं आणि काकूसाठी टाळ्या पडल्या. घरी पोचेपर्यंत त्या तिच्या कानात वाजत होत्या.

घरी मात्र टाळ्या नव्हत्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. बायको या वयात कॉलेजात जाते, हे गिऱ्हाइकांना सांगायला तो लाजायचा. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, "तिचं तलावावर काहीतरी असतं." त्यामुळे बऱ्याच लोकांची समजूत होती की ती पोहायला शिकतेय. काकूला ते लागायचं. तिला जगाचं कौतुक नको होतं, याच एका माणसाचं हवं होतं, आणि नेमकं तेच मिळत नव्हतं.

मॅडम वयाने तिच्याहून लहान, पण नजर अशी की काकूला गृहपाठ विसरल्यासारखं वाटायचं. सभेतला प्रकार त्यांच्या कानावर आला होताच. त्यांनी आकडे पाहिले आणि विचारलं, "कोऱ्या नमुन्यांत फॉस्फेट किती आलं?"

कोरा नमुना म्हणजे डिस्टिल्ड पाणी. ते तशाच बाटलीत भरून तलावावर न्यायचं, परत आणायचं आणि तपासायचं. त्यात काही सापडलं, तर घाण तलावातली नाही, आपल्याच कामातली. काकूने ते नेमाने नेले-आणले होते, फक्त तपासले नव्हते. शुद्ध पाण्यात काय डोंबलाचं तपासायचं?

मॅडमसमोरच तपासले. शुद्ध पाणी तलावाइतकंच निळं झालं.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "आपलं डिस्टिल्ड पाणीही मरतंय. बाटल्या कशाने धुता?"

"ॲसिडने. साबणाचा थेंब नाही. बेसिनवरची 'साबण वापरू नये' ही पाटी मीच लावलीये."

"मग फॉस्फेट कुठून आलं ते शोधा. नमुने पुन्हा घ्या, नाहीतर प्रबंध मी घेणार नाही. आणि त्या लाँड्रीवाल्याचं आधी निस्तरा."

काकूने दिवसभर प्रयोगशाळा पालथी घातली. प्रत्येक पोरावर संशय घेतला, शिपायालाही सोडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! संध्याकाळी घरी आली तर नवरा बाह्या दुमडून बेसिनपाशी उभा. पुढच्या फेरीसाठी ॲसिडने धुऊन आणलेल्या तिच्या बाटल्या तो भांड्यांच्या पावडरीने घासत होता.

"अहो! हे काय?"

तो दचकला. "डाग होते गं काचेवर. मला बघवत नाहीत." मग बाटलीकडेच बघत म्हणाला, "तू एवढी जीव तोडून करतेस. मला त्यातलं काही कळत नाही. म्हटलं, बाटल्या तरी चकचकीत असाव्यात. दर खेपेला धुतो."

ओरडायला उघडलेलं काकूचं तोंड तसंच राहिलं. वर्षभर ज्या कौतुकाची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते असं फेसासकट. ती मटकन स्टुलावर बसली, आधी हसली, मग रडली, मग सगळं सांगितलं. त्याने हातातली बाटली हळूच खाली ठेवली.

पुढच्या सभेत ती पुन्हा उभी राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.

"तलाव चांगला की वाईट, मला माहीत नाही," ती म्हणाली. "साबण माझ्या बाटल्यांत होता. लाँड्रीवाल्या दादांचं दुकान हलवू नका. मी त्यांची माफी मागते."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही स्वतःच्याच बाटल्या तपासत होता?" कोणीतरी विचारलं.

"हो. आणि त्या फारच प्रदूषित निघाल्या."

सभागृह खो खो हसलं. फक्त लाँड्रीवाला हसला नाही. "आणि उद्या खरंच माझा साबण निघाला तर?"

"तर पुन्हा इथेच येऊन सांगेन. पण आधी कोरा नमुना तपासेन."

त्याने जरा विचार करून मान डोलावली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "या वयात हवेत कशाला हे उद्योग!" पुन्हा हशा. काकूही ओशाळं हसली.

मागे खुर्ची सरकली. नवरा उभा होता. दुकान उघडं टाकून तो कधी येऊन बसला, तिला कळलंच नव्हतं.

"बाटल्या मी धुतल्या होत्या," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "तिला न विचारता. तिची चूक नाही. एम.एस्सी. करतेय माझी बायको. शनिवारी नमुने पुन्हा घ्यायचेत. मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर जाणार आहे."

आता कोणी हसलं नाही. लोकांच्या हसण्यापुढे काकूने डोळे कोरडे ठेवले होते, ते आता भरून आले. चार लोकांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. तिला पुढे सभेचे आभार मानायचे होते, ते राहिलेच. ती मागे जाऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.