ठिपका वर, सूर खाली

मी गिटार बोलतेय. मान हुकात अडकवून मला भिंतीला टांगलंय, तेव्हा आवाज जरा घुसमटलेला येईल. चालवून घ्या. मीही तेच करतेय.

मला कुठल्या थोर कारागिराने वगैरे घडवलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मशीनखाली दाबलेलं प्लायवूड आहे मी. माझ्यासारख्याच बहिणींच्या ढिगातून एका सरांनी मला उचललं. "आवाज मोठा आहे, पोरांना पुरेल," म्हणाले. आवाज कसा आहे हे कोणी विचारलंच नाही.

सरांचा क्लास त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत चालतो. शेजारी ओरडतात म्हणून खिडक्या कायम बंद. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. इथे पोरं घामाघूम होऊन तीच ठरलेली गाणी वाजवतात, परीक्षा देतात, प्रमाणपत्र घेतात आणि पुढच्या परीक्षेचं तेच गाणं जरा जोरात वाजवतात. सर ह्याला संगीत म्हणतात.

सरांचा एक शोध आहे. माझ्या तारा ज्या खुंट्यांनी पिळायच्या, त्या प्रत्येक खुंटीवर त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपका वर आला की सूर लागला. "कान नसला तरी चालतो, डोळे पाहिजेत," हे त्यांचं आवडतं वाक्य. ती बाटली त्यांच्या बायकोची होती. सरांना रंगवलेली नखं आवडत नाहीत, म्हणून नवीकोरी पडून होती. तिचा रंग लागला तो माझ्याच कानांना.

सरांची मुलगी म्हणजे धाकटी. औषधांचं कॉलेज तिने अर्ध्यात सोडलं. त्यावर घरात जे काय झालं ते मी हुकावरून ऐकलंय. शेवटी सरांनी निकाल दिला: "शिकायचं नाही ना बाईंना? मग शिकवा." झालं. तेव्हापासून ती ह्या खोलीत बसून पोरांची बोटं माझ्या तारांवर बसवते. तीही बंद, मीही बंद. फरक इतकाच की मला निदान जेवताना टोमणे ऐकावे लागत नाहीत.

एका दुपारी क्लास रिकामा होता. धाकटीने मला मांडीवर घेतलं आणि चिडून सगळ्यात जाड तारेचा कान उलटा पिळला. तार सैल पडली, घुमली. तिला गंमत वाटली. मग बारकी तार उतरवली, मग तिच्या शेजारची. प्रत्येक वेळी सगळ्या तारा एकदम छेडायची आणि मान तिरकी करून ऐकायची. शेवटी तिसरी तार एक सूर खाली आणली आणि हात थांबला.

एकही बोट तारेवर नव्हतं. नुसत्या मोकळ्या सहा तारा, आणि मी आख्खी उदास वाजले. खोटं उदास नाही हं, स्पर्धेत डोळे मिटून वाजवतात तसलं. पाहुणे गेल्यावर घर जसं वाजतं, तसं.

"अगं, तुझ्या पोटात हे होतं?" धाकटी म्हणाली.

होतं म्हणजे काय! विचारलं कोणी?

मग तिला मोबाइलवर कळलं की ह्याला ओपन मायनर म्हणतात. पण पुढची गोष्ट तिची तिने शोधली. तिसऱ्या तारेवर, पहिल्या पडद्यात एक बोट टेकवलं की तीच उदास मी चक्क हसते. बोट उचललं की पुन्हा उदास. उलटं मात्र होत नाही. आधीच हसरी लावून ठेवलेली गिटार एका बोटाने रडवून दाखवा बरं! बोटाने सूर चढतो, उतरत नाही. ह्या घरात सगळ्यांना हसतमुख लावून ठेवलंय, म्हणून कोणाला नीट रडता येत नाही आणि हसूही खरं वाटत नाही. हे माझं मत. पटलं नाही तर सोडा.

सरांना पत्ता कसा लागला नाही? त्यांचीच कृपा. एक सूर उतरवायला माझी खुंटी बरोब्बर एक फेरा फिरते. ठिपका खाली जातो, गोल फिरून पुन्हा वर येतो. सर सकाळी यायचे, ठिपके बघायचे, "लागलीये" म्हणायचे आणि चहा प्यायला जायचे. पोरं यायच्या आत धाकटी मला पुन्हा पिळायची. आईला मात्र सगळं ऐकू यायचं. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "छान वाजतंय गं. पण दार लोटून घे, ते येतील." छान वाजतंय ते दार लोटूनच ऐकायचं, ही आईची रसिकता.

धाकटीने त्या सुरात एक धून बांधली. गावोगाव प्रयोग करणाऱ्या एका नाटकमंडळीने ती फोनवर ऐकली आणि तिला भेटायला बोलावलं, गिटार घेऊन. वाजवणारं माणूस हवं होतं त्यांना. ती मला पिशवीत घालणार होती. मला, बाहेर!

पण त्याच्या आदल्या दिवशी क्लासमध्ये पालकांची बैठक होती, आणि भेटीच्या तयारीसाठी मी धाकटीच्याच सुरात लावलेली होते. एका आईने आग्रह केला, "सर, तुम्ही वाजवा ना काहीतरी." सरांनी मला उचललं, ठिपक्यांवर नजर टाकली, बोटं सवयीने बसवली आणि जोरात हात मारला.

भांड्यांची मांडणी कोसळावी तशी मी वाजले. एक पोरगं फिस्सकन हसलं.

"कोणी बिघडवली ही?"

"बिघडवली नाही बाबा, लावलीय," धाकटी म्हणाली. "द्या इकडे." आणि तिने ती धून वाजवली. सगळ्यांच्या देखत, बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून. संपल्यावर आग्रह करणारी बाई हळूच म्हणाली, "हे शिकवता का तुम्ही?" विचारलं तिने धाकटीला. सरांना ते जास्त लागलं.

बापाचं मन पाघळतं, ते गोष्टींत. इथे सर गेले आणि झटपट चिकटणारा गोंद घेऊन आले. सूर दाखवणारं मशीन लावून माझा सूर पुन्हा चढवला आणि सहाही खुंट्यांच्या दातांत गोंद ओतला. "आता फिरव."

धाकटीने एक खुंटी पिळून पाहिली. मग तिला हसू फुटलं. "बाबा, तार तुटली की नवी कशी घालणार?"

सर बाटली हातात धरून उभे. हा विचारच केला नव्हता. "तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणाले. कॉलेजात घालताना धाकटीने "नाही जमलं तर?" विचारलं, तेव्हाही हेच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने गेली. मंडळींकडे एक जुनी गिटार होती, तिच्यावर वाजवलं. मंडळींत घेतलं धाकटीला. आता ती गावोगाव फिरते आणि मी इथे ताठ मानेने लटकलेय. ताठ म्हणजे अभिमानाने नव्हे, चिकटल्यामुळे.

गेल्या आठवड्यात माझी बारकी तार तुटली. सरांनी पक्कड लावली, खुंटीच पिचली. तेव्हापासून आई रोज फोन करते. "दोन दिवस येऊन जा गं. तुझी गिटार रडतेय बघ कोपऱ्यात. तुझ्याच हाताने नीट होईल. ते काही बोलणार नाहीत, मी सांगितलंय त्यांना. आणि इथे पोरंही खोळंबलीत, तेवढं बघशील."

ऐकलंस, धाकटे? दोन दिवस, मग पोरं, मग कायमचं. आमिष म्हणून मला गळाला लावलंय त्यांनी.

मी रडत नाहीये, धाकटे. रडायची सोयच ह्यांनी चिकटवून टाकली. तुझी बोटं मला हवी आहेत, खोटं कशाला बोलू? पण फोन ठेव. त्या जुन्या गिटारीचे कान पिळ, तिच्या पोटात काय आहे ते विचार.

इकडे येऊ नकोस.