बंगल्यामागची आत्या

म्हसवडच्या तलावाकडे जाताना लाल विटांचा एक मोठा बंगला लागायचा. इंग्रजी अमलात पाटबंधाऱ्याच्या साहेबानं तो आपल्या मडमेसाठी बांधला. मडम राहायला आली आणि वर्षाच्या आत तिचं तान्हं बाळ तापानं गेलं. त्याला बंगल्यामागं मातीआड करून दोघं विलायतेला गेली, ती गेलीच. पुढं बंगला सरकारी खात्याकडं आला आणि त्याची राखण केरूनं उभा जन्म केली.

यंदा तो पाडून नवं विश्रामगृह बांधायचं ठरलं. साहेबाच्या बाळाची कबर साताऱ्याच्या जुन्या दफनभूमीत हलवायची होती. जागा दाखवायला खात्याच्या जयराज साहेबांनी केरूला बोलावलं. त्यानं विळ्यानं गवत कापून कबरीवरची फरशी मोकळी केली आणि तिथंच घुटमळत राहिला.

"साहेब, हितं आमचं बी एक माणूस हाय," तो म्हणाला. "माझी आत्या."

मग त्यानं सगळं सांगितलं. या बंगल्याच्या विटा त्याच्या आजीनं थापल्या होत्या. अंगावरची पोर भट्टीशेजारी झोळीत टाकून ती चिखल तुडवायची. पोर धुरानं खोकून खोकून गेली. मुकादमानं गावात न्यायला सोडलं नाही, म्हणून मागच्या बाभळीखाली पुरली. बंगला उभा राहिल्यावर त्याची पायरीसुद्धा आजीला शिवू दिली नाही. हे केरूला बापानं सांगितलेलं. बाभळ मात्र त्याच्या जन्माआधीच तुटली होती.

जयराज भला माणूस. त्यानं खोदायला आणलेलं यंत्र थांबवून माणसं लावली, केरू बोट दाखवील तिथं हलक्या हातानं उकरायला सांगितलं. विटांचे तुकडे निघाले, राख निघाली. दुसरं काही निघालं नाही. ऊन कलल्यावर केरूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता."

साताऱ्याला साहेबाच्या बाळाच्या अस्थींचं पांढऱ्या कापडातलं गाठोडं नव्या खड्ड्यात ठेवलं. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. साताऱ्यातच दवाखान्यात नर्स असलेली केरूची लेक अक्षता बापाशेजारी उभी होती. आत्याचं नाव काय होतं, असं तिनं हळूच विचारलं.

"ठिवलंच न्हवतं," केरू म्हणाला. अक्षतानं त्याचा हात धरला.

तिनं त्याला साताऱ्यातच आपल्याकडं राहायचा आग्रह केला. बंगला नाही, आई नाही, मग गावात कुणासाठी जायचं, म्हणाली.

"ती हाय की तिथं," केरू म्हणाला. "एवढी वरसं तिच्याजवळ आपलं कुणीतरी हुतं. आता वर शिमिट वततील. निदान हाकंच्या अंतरावर तरी ऱ्हातो, बाय."

अक्षतानं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या आणि त्याला म्हसवडच्या एस्टीत बसवलं. गाडी वळेपर्यंत ती स्टँडवर उभी राहिली.